अख्खी गोळी

घड्याळमास्तरांना सगळं मोजूनमापून लागायचं, आणि तेही जरा कमीच. तेलाचा थेंब जास्त पडला की घड्याळ बिघडलंच म्हणून समजा, हे त्यांनी गिऱ्हाइकांना इतक्यांदा ऐकवलं होतं, की हळूहळू चहातली साखर, भाजीतलं मीठ आणि बायकोशी बोलणं, सगळ्यालाच तो नियम लागू झाला.

अशा माणसाची बोटं थंडीत पांढरी पडू लागली. आधी टोकं, मग पेरं. खडूसारखी पांढरी आणि पार बधिर. चिमट्यातला स्क्रू कधी निसटला तेही कळेना. उठताबसता मास्तर दुकानाच्या फरशीवर रांगताना दिसू लागले. बायकोने एकदा सांगूनच टाकलं, "एवढा हिवाळा बघू. नाहीतर दुकान बंद करा आणि घरी बसा." घरी बसून माणूस नेमकं काय करतो, हे मास्तरांना खरोखरच ठाऊक नव्हतं. त्यांना भीती वाटली. भीती वाटली की ते खेकसत, म्हणून त्या आठवड्यात दुकानात कुणी फिरकेना.

डॉक्टरीणबाईंनी बोटं दाबून पाहिली. "थंडी लागली की कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. सगळ्यांच्याच. तुमच्या जरा अतीच करतात. या गोळीने त्या सैल पडतील, बोटांत रक्त खेळेल. रोज सकाळी एक, अख्खी."

'अख्खी' तेवढं मास्तरांनी कानाआड केलं. एवढ्याशा वाहिन्यांना एवढी मोठी गोळी? घड्याळाचे पट्टे कापायच्या पात्याने त्यांनी तिचे दोन सुबक तुकडे केले, एक गिळला आणि ऐटीत दुकान उघडलं.

थोड्या वेळाने कान तापले. मग गाल, मग मान. कपाळात ठोके पडू लागले आणि उभं राहिल्यावर दुकानच गरगरलं. समोरचा चष्मेवाला म्हणाला, "काय मास्तर, सकाळी सकाळीच?" आणि धावत जाऊन वहिनींना घेऊन आला. वहिनींनी आधी नवऱ्याच्या तोंडाचा वास घेतला, मगच त्याला रिक्षात घातलं.

"ही गोळी दिवसभर हळूहळू विरघळायची असते," डॉक्टरीणबाई रक्तदाब बघत म्हणाल्या. "तुम्ही ती तोडलीत, म्हणून औषध एकदम अंगात उतरलं. त्याला बोटं कुठली आणि गाल कुठले, हे कळत नाही. सगळीकडच्या वाहिन्या सैल झाल्या आणि रक्तदाब घसरला. घड्याळाची स्प्रिंग एकदम सुटली तर काय होतं?"

"काटे गरगरतात," मास्तर पडूनच पुटपुटले.

रक्तदाब ताळ्यावर आल्यावर गोळी पुन्हा सुरू झाली. आता ती गिळली जाईपर्यंत बायको समोर उभी राहायची. गाल थोडे दिवस लालच राहिले. चष्मेवाल्याने त्यावरून पुरेपूर मजा करून घेतली.

मग एका कडाक्याच्या सकाळी मास्तरांनी चिमटा उचलला आणि तसेच बसून राहिले. डबा घेऊन आलेली बायको दारातच थबकली. "काय झालं? परत बधिर?"

"चिमटा गार लागतोय."

"मग हातमोजे घाला."

"अगं, लागतोय," मास्तर म्हणाले. "गार लागतोय मला."

ती डबा तसाच हातात धरून स्टुलावर टेकली. मास्तरांनी घाईघाईने डोळ्यावर भिंग चढवलं, पण डोळे भरल्यामुळे त्यातून काहीच दिसेना.