हळू आवाजातली दवंडी

अमडापूरच्या तुळशीरामला लोक चेहऱ्याआधी आवाजानं ओळखतात. ऑटोवर भोंगा बांधून साड्यांचे सेल, जत्रेतल्या कुस्त्या, हरवलेल्या म्हशी असं सगळं तो गावोगाव सांगत आला. घरात मात्र तो कमीच बोले. बोलायचं काम त्याच्या बायकोकडे, अन्नपूर्णाबाईकडे होतं.

दिवाळीनंतर तिचा कॅन्सर हाडांत उतरला. मोठ्या दवाखान्यानं "आता घरी न्या" एवढंच सांगितलं. करण्यासारखं काही उरलं नाही, असा तुळशीरामनं त्याचा अर्थ घेतला. तिला कूस बदलता येईना, पांघरुणाचा भारही सोसेना. तिचं कण्हणं ऐकत तो बाहेर ओट्यावर बसून राही.

कोणीतरी कळवलं म्हणून नीरजा नावाची नर्स डॉक्टरांना घेऊन घरी आली. बरा न होणारा आजार असला तरी माणसाचा त्रास हलका करायचा, हे त्यांचं काम. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, हे तुळशीरामनं तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. डॉक्टरांनी मॉर्फिन दिलं तेव्हा तो दचकला.

"हे मरणाच्या वेळचं औषध हाय ना, ताई?"

"नाही काका. दुखण्याचं औषध आहे. दुखायची वाट बघू नका, डॉक्टरांनी सांगितल्या वेळेला देत जा."

उशा कुठे लावायच्या, सुकलेले ओठ कसे ओले करायचे, हे नीरजानं त्याला करून दाखवलं. मग ती अन्नपूर्णाबाईच्या खाटेवर टेकली. "मावशी, तुम्हाला काय करावंसं वाटतं?"

इतक्या दवाखान्यांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. ती म्हणाली, "मले हरभऱ्याचं वावर पाहाचं हाय."

दुखणं ओसरत गेलं तसे घरातले दिवस तरंगल्यासारखे झाले. उन्हाचा पट्टा जमिनीवरून सरकत तिच्या पावलांवर येऊन थांबे. अर्धवट झोपेत ती डोणगावला माहेरी जाऊन येई. विहिरीवर आईशी बोले, आणि जागी झाली की सांगे, "चिंच लई गाभुळली हो तिकडं."

"आन कोण भेटलं?" तुळशीराम विचारी. मग ती सांगत राही. त्यातलं खरं किती, हे त्यानं कधी विचारलं नाही.

एका सकाळी गाद्या अंथरून त्यानं तिला ऑटोत निजवलं आणि भोंगा न लावताच उंद्रीच्या रस्त्याला लागला. धुक्यात झाडं पाण्यातल्यासारखी हलत होती. एका वावराशी थांबून त्यानं हरभऱ्याचा डहाळा तिच्या हातात दिला. तिनं एक दाणा चावला. बाजूला बसून तो बोलू लागला. लग्नाचं, सासरी दिलेल्या लेकीचं, आपल्याला किती भेव वाटतं त्याचं.

"सारा जिल्हा तुमाले ऐकते," ती हसून म्हणाली. "मले आज ऐकू येऊन राह्यलं."

होळीच्या आत, दुपारच्या झोपेतच ती गेली. तिचा हात त्याच्या हातात होता, चेहऱ्यावर दुखण्याची रेघ नव्हती.

महिन्याभरानं त्यानं पुन्हा ऑटो काढला. साड्यांच्या सेलची जाहिरात झाली की तो आवाज खाली आणे. "बाप्पा हो, घरात कोणी लई आजारी असन, दुखण्यानं तळमळत असन, तं घरी येऊन इलाज करणारे लोक हायेत. माह्या घरी आलते. मले इचारा."

चौकातली पोरं हसली. "तुळशीरामभाऊ, आता मरणाची जाहिरात करता काय?"

"तिच्या जगण्याची करून राह्यलो," तो म्हणाला आणि पुढे गेला.

अमडापूरच्या बाजारात भगवंतराव नावाच्या म्हाताऱ्या भाजीवाल्यानं मेथीच्या जुड्या तशाच टाकून ऑटोला हात केला. "माही बायको दुखण्यानं चार दिवसांपासून निजली नाई. काऊन कोणी सांगतलं नाई आमाले?"

"मलेबी कोणी सांगतलं नव्हतं," तुळशीराम म्हणाला. त्यानं भोंगा बंद केला, नीरजाला फोन लावला आणि भगवंतरावांना बसायला शेजारी जागा करून दिली.