जंगलात नाव घेत नाहीत

जिप्सी जंगलाच्या फाटकातून आत शिरली की आमच्या शेजारचे गुरुजी मफलर डोळ्यांवर ओढून घ्यायचे आणि म्हणायचे, "दिसला तं उठवजा."

कोण दिसला, ते मात्र कधी म्हणायचे नाहीत. देवरीकडच्या रानात वाढलेला माणूस. मोहफुलं वेचायला नेताना बापाने शिकवलेलं, जंगलात वाघाचं नाव घ्यायचं नाही, घेतलं की तो येतो.

"अहो, मग घ्या की!" आम्ही म्हणायचो. "त्याच्यासाठीच तर पहाटेपासून कुडकुडतोय."

गुरुजी हसायचे आणि झोपी जायचे.

असा झोपाळू सोबती तुम्हीही सहलीत पाहिला असेल, त्याची टिंगलही केली असेल. आम्हीही करायचो. पण तो माणूस का झोपतो, हे कुडव्याच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची बायको, आमच्या काकू, अर्धांगवायूने खाटेवर पडलेल्या. त्यांना उठवणं, पुसणं, भरवणं, रात्री कूस बदलून देणं, सगळं गुरुजी एकटे करायचे. थंडीत गल्लीची नवेगावच्या जंगलाची सहल निघाली की काकूंची बहीण तेवढ्या दिवसापुरती येऊन राहायची. काकूच गुरुजींना पिटाळायच्या. वाघ पाहायची हौस खरं तर काकूंची. आता आपलं जाणं होत नाही, निदान नवऱ्याने पाहून यावं आणि आपल्याला सांगावं, एवढंच त्यांना हवं होतं. मला बजावायच्या, "यायले झोपू देऊ नका, भाऊ."

मी कसला उठवतो! इतका दमलेला माणूस उठवायला जीव होत नसे.

संध्याकाळी आम्ही परतलो की खिडकीतून प्रश्न यायचा, "दिसला?"

"नाई."

"झोपले असान."

एकदा मी म्हटलं, "गुरुजी, सांगून टाका दिसला म्हणून. कोण तपासायला जातंय?"

"जमत नाई, भाऊ. तिले समजते."

मागच्या हिवाळ्यात आम्ही सगळे उजवीकडे रानगवे बघत होतो. एवढ्यात गुरुजींनी माझा दंड घट्ट धरला. ओठ हलत होते, शब्द नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याला लघवीला लागली. मी कानात म्हटलं, "थोडं थांबा, इथे उतरता येत नाही." त्यांनी डावीकडे बोट केलं. मी वळेपर्यंत नुसतं गवत हलत होतं.

"ओरडायचं ना, गुरुजी!" सगळे त्यांच्यावर तुटून पडले.

"नाव कसं घेऊ? बाजूलेच होता नं!"

कुणाचाही विश्वास बसला नाही. माझा बसला, कारण परतीच्या वाटेवर गुरुजी क्षणभरही झोपले नाहीत. घराशी आल्यावर काकूंनी विचारण्याआधीच ते रस्त्यातून ओरडले, "वाघ दिसला वो! वाघ!" दिवसभर तोंडात धरलेला शब्द सगळ्या गल्लीला ऐकू गेला.

मग तो सगळा हिवाळा आमच्या भिंतीपलीकडून तीच गोष्ट ऐकू यायची. "शेपूट कसं होतं?" काकू विचारायच्या. गुरुजी थकल्या आवाजात पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. कंटाळा आला असेल, पण सांगायचे.

काकू उन्हाळ्यात गेल्या.

यंदा सहल ठरली तेव्हा मी बोलवायला गेलो. गुरुजी काकूंच्या खाटेवर बसले होते. आता रात्री उठायचं काम नव्हतं, तरी डोळे पूर्वीपेक्षा जास्त ओढलेले.

"चला, तुमची जागा ठेवली आहे. हवं तर झोपा."

"नाई, भाऊ. दिसला तरी येऊन सांगू कोणाले?"

मी आलो तसा माघारी फिरलो.

आम्ही त्यांच्याशिवाय गेलो. चितळं दिसली, मोर दिसले, धूळ खाल्ली. मीही शेवटी थकून डोळे मिटले. संध्याकाळी गल्लीत उतरलो, तर त्या खिडकीत गुरुजी होते. मफलर गुंडाळून, काकू पडायच्या त्याच बाजूला.

"दिसला?"

"नाही, गुरुजी."

"झोपले असान," ते म्हणाले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.