खाऱ्या पाण्याची सुरी

"एका हातानं निघाली पायजे, ताई," असं म्हणून मामा डावा हात छातीवर न्यायचे, मुठीत काहीतरी धरल्यासारखं करायचे आणि खाली झटका द्यायचे. मग तेच उजव्या हातानं. कॅन्टीनच्या रांगेत, भट्टीसमोर, चिकलठाण्याच्या गेटवर कंपनीच्या बसची वाट बघताना. नव्या माणसाला वाटायचं, यांच्या छातीत कळ आली. एका नव्या इंजिनिअरनं तर त्यांना धरून खुर्चीत बसवलं आणि पाणी आणून दिलं. मामांनी ते निवांत पिऊन घेतलं, ग्लास परत केला आणि त्याला सांगितलं की दुखत काही नाही, सुरी काढतोय.

तुमच्याही कामाच्या जागी असा एखादा माणूस असेल, ज्याच्यावर सगळे हसतात आणि जो एक दिवस रजेवर गेला की सगळ्यांची कामं अडतात. आमचे मामा गेले, त्याला आता दोन महिने होतील. हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं. अक्षर बरोबर येतं, अर्थ पटत नाही.

ते हीट ट्रीटमेंटचे सुपरवायझर होते. भट्टीतल्या पोलादाचा रंग बघून तापमान सांगायचे आणि मग काट्याकडे अशा नजरेनं बघायचे, जसं काही काट्याचीच परीक्षा होती आणि तो पास झाला. माझी लॅब त्यांच्या शॉपला लागून. मापं तपासणं, गेज सांभाळणं, रजिस्टर लिहिणं हे माझं काम. खणात एक कादंबरी कायम असायची. तिला मामा माझी दुसरी नोकरी म्हणायचे.

मेंढरं राखणाऱ्या घरात जन्मलेल्या या माणसानं समुद्र पहिल्यांदा पाहिला तो बावन्नाव्या वर्षी. मुलगी कोकणात एका गावी दवाखान्यात नर्स म्हणून लागली, तिला भेटायला गेले. तिथं खाडीत लोक लांबट, अरुंद, प्लास्टिकच्या होडीत एकेकटे बसून गळानं मासे धरत होते. त्या होडीला कायाक म्हणतात हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. तिसऱ्या दिवशी ते स्वतः आत बसले. परत आल्यावर लॅबच्या दारात उभे राहिले आणि एखादं गुपित सांगावं तसं हळूच म्हणाले, "ताई, पाण्यावर बसता येतं."

पुढच्या सहा महिन्यांत त्यांनी एक जुनी कायाक विकत घेतली. ती तिथल्याच एका कोळ्याच्या अंगणात ठेवलेली असायची. सुट्ट्या जोडून ते जायचे. शॉपमधली पोरं विचारायची, मामा, जायकवाडी काय वाईट आहे, पैठण तर तासाभरावर. मामा म्हणायचे, धरणाचं पाणी बांधलेलं जनावर आहे, त्याला कुठं जायचंच नसतं.

त्या कोळ्यानं त्यांना एक गोष्ट बजावून सांगितली होती. पोहता येणारा माणूस पाण्यानं कमी आणि दोरीनं जास्त मरतो. नांगराची दोरी, गळाची दोरी, कुणाचं तरी तुटून वाहत आलेलं जाळं पायाला गुंडाळलं, की लाइफ जॅकेटही कामाला येत नाही. म्हणून सुरी अंगावर पाहिजे. होडीत नाही, पिशवीत नाही, अंगावर.

त्या दिवसापासून आमचा सुरीचा शोध सुरू झाला. "आमचा" म्हणते, कारण पोलाद त्यांना कळायचं आणि इंग्रजी मला. परदेशातले कायाकवाले काय लिहितात ते मी जेवणाच्या सुट्टीत वाचून सांगायचे, ते डबा उघडा ठेवून ऐकायचे.

पहिली सुरी त्यांनी स्वतःच घडवली. बेअरिंगच्या पोलादाची, हातानं पाणी दिलेली. तिनं त्यांनी माझ्यासमोर हातावरचे केस उतरवून दाखवले. आमच्या शहराला समुद्र नाही, पण माझ्या लॅबमध्ये एक पेटी आहे. तिच्यात मिठाच्या पाण्याचं धुकं दिवसरात्र फिरत असतं. मुलामा दिलेले नट-बोल्ट किती तास गंज न धरता टिकतात, ते तिच्यात बघतात. मामांची सुरी मी तिच्यात टांगली. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली, तेव्हा पातं विटेच्या रंगाचं झालेलं होतं. स्वतःच्या पोराला नापासाचा निकाल मिळावा तसं त्यांचं तोंड झालं.

"लई गर्व होता तिला," ते म्हणाले.

मग एक घडीची सुरी आली. ती ओल्या बोटांनी एका हातानं उघडेना. एक आली टोकदार, देखणी, सिनेमातल्या माणसाकडे असते तशी. मी वाचून दाखवलं की पाण्याखाली, घाईत, दिसत नसताना माणूस दोरीच्या आधी स्वतःची मांडी कापतो. टोक बोथट हवं. मला वाटलं, हे त्यांना पटवायला वेळ लागेल. पण ते लगेच मान हलवून म्हणाले की मेंढी कातरायच्या कातरीलाही टोक नसतं, जनावर हलतंच, आणि पाण्यात आपणच जनावर.

शेवटी जी ठरली, ती पिवळ्या मुठीची, बोटभर रुंद पात्याची, बोथट टोकाची. अर्धी धार सरळ, अर्धी करवतीसारखी दातेरी, कारण ओली नायलॉनची दोरी सरळ धारेवरून घसरते. कडक प्लास्टिकचं म्यान, जॅकेटवर छातीशी बसणारं. ओढली की टक् आवाज करून निघायची. एकसारख्या दोन घेतल्या. एक पेटीत टांगली. चार दिवस धुक्यात राहून ती जशीच्या तशी बाहेर आली, तेव्हा मामांनी लॅबमध्ये सगळ्यांना पेढे वाटले. ती सुरी मला दिली, कुरिअरची खोकी उघडायला. दुसरी जॅकेटवर चढली.

मग सराव. डोळे मिटून. साबणाच्या पाण्यात हात बुडवून. डाव्या हातानं, कारण उजवा अडकलेला असू शकतो. होडीत बसण्याआधी किनाऱ्यावर उभं राहून दहा वेळा काढायची आणि दहा वेळा ठेवायची, असा त्यांनी स्वतःला नियम घातला होता. मी हसायचे. आम्ही सगळेच हसायचो.

आता पुढचं लिहायचं आहे. गेले आठ दिवस मी इथंच थांबले आहे.

खंडेनवमीला आमच्याकडे मशिनं बंद असतात. सगळी हत्यारं धुऊन-पुसून पांढऱ्या कापडावर मांडतात: हातोडे, सांडशी, पाने, माझे गेज. हळदकुंकू, झेंडू, नारळ. ऑफिसातल्या आम्ही दोघी-तिघी प्रत्येक हत्याराला लाल दोऱ्याचे पाच वेढे देऊन गाठ मारतो. तो दोरा नंतर कुणी सोडत नाही, कापत नाही. वापरता वापरता झिजून आपोआप तुटतो. पान्याला दोरा असला तरी पाना चालतो. हातोड्याचं तर काहीच अडत नाही.

यंदा मामांनी सुरी आणली. म्यानासकट, पिवळी मूठ पुसून लखलखीत केलेली. हिचीही पूजा होऊ द्या म्हणाले. मी तिला कुंकू लावलं आणि पाच वेढे दिले. मूठ आणि म्यान मिळून. गाठ घट्ट मारली. मामांनी सुरी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली.

तिथं आम्ही दोघं उभे होतो. दीड वर्ष एका सुरीसाठी मीठ, पाणी, पोलाद, टोक, धार, डावा हात, उजवा हात, सगळं तपासलेले दोघं. आणि दोघांनाही काही दिसलं नाही. त्यांनी नमस्कार केला, मी प्रसाद दिला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते कोकणात गेले. त्यानंतरच्या सोमवारी, पावणेनऊला, मी रजिस्टर उघडलं होतं आणि भट्टीवरचा ऑपरेटर दारात येऊन उभा राहिला. त्यानं हातमोजे काढले, परत घातले. मग सांगितलं. मी त्याला म्हटलं, "थांब, एवढं रीडिंग लिहून घेते." आणि लिहून घेतलं. ते रीडिंग रजिस्टरमध्ये आहे, अक्षर नेहमीसारखं आहे.

त्यांना मुकुंदवाडीला, घरी आणलं. मुलगी सोबत होती. तिनं कोळ्यानं सांगितलेलं सगळं आम्हाला सांगितलं, पेशंटची माहिती द्यावी तसं, क्रमानं. ओहोटी सुरू झाली होती. नांगर ओढताना दोरीचा वेढा पायाला बसला, होडी उलटली, दोरीनं त्यांना खाली धरून ठेवलं. कोळी लांब होता, वल्हवत आला. तो पोचला तेव्हा मामा वर आलेले होते. पायातली दोरी कापलेली होती, स्वच्छ, एका घावात. थोडा उशीर झाला, एवढंच. सुरी पाण्यात गेली. आणि एक, ती म्हणाली: बाबा रोज किनाऱ्यावर सुरी काढून बघायचे, त्या दिवशी नाही काढली, नुसता हात लावून नमस्कार केला.

अंगणातल्या तारेवर जॅकेट वाळत घातलेलं होतं. छातीवर रिकामं म्यान. म्यानाच्या तोंडाशी लाल दोरा, तुटलेला, मिठानं कडक झालेला.

दुसऱ्या दिवशी मी लॅबचं दार आतून लावलं. माझ्या खणात जोडीतली दुसरी सुरी होती, तसंच म्यान. पूजेतला उरलेला दोरा कपाटात होता. पाच वेढे दिले, गाठ मारली, सगळं मिठाच्या पाण्यात भिजवलं. सुती दोरा ओला झाला की कमजोर होत नाही, बळकट होतो. हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. मी डोळे मिटले, डाव्या हातात मूठ धरली आणि उजव्या हातानं घड्याळ सुरू केलं.

पहिल्या हिसक्यात सुरी निघाली नाही. दुसऱ्यातही नाही.

जो आकडा आला, तो मी कुठं लिहिलेला नाही. इथंही लिहीत नाही. मी परत एकदा करून पाहिलं, या आशेनं की पहिल्यांदा चूक झाली असेल. चूक नव्हती.

तेराव्यानंतर एका रविवारी माझ्या घरून, पुंडलिकनगरहून चालतच मुकुंदवाडीला गेले. मामींना सांगायचं ठरवलं होतं. ज्या बाईचा माणूस गेला, तिला हे माहीत असायला हवं. नंतर तिनं मला दारात उभं केलं नाही तरी चालेल. मामी एकट्याच होत्या. त्यांनी चहा टाकला. मला वाक्य जुळवता येईना, मग जे होतं ते बोलले.

"मामी, सुरीला दोरा मी बांधला होता. त्यामुळे ती लवकर निघाली नसेल."

मामी रागावतील, रडतील, असं वाटलं होतं. त्यांनी गॅस बारीक केला आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच बोलल्या.

"निघायच्या सकाळी ते दोरा कापायला बसले व्हते. कातर पण घेतली व्हती हातात. म्या म्हणलं, देवाचा दोरा हाय, पाण्यावर चाललाव, ऱ्हाऊ द्या. त्यांनी ठिवली कातर खाली."

म्हणून त्या दिवशी सुरी काढून बघितली नव्हती. बायकोचा शब्द तुटू नये म्हणून.

त्यांनी चहा गाळला, माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसल्या. दोन आठवड्यांत त्या वाळल्या होत्या. लेकीला हे सांगितलेलं नाही, म्हणाल्या. कुणालाच नाही. मग त्यांनी पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं.

"तुमी मोजमापाच्या माणूस. तुटायला किती येळ लागला असंल?"

"लगेच तुटतो, मामी. बारीक सुती दोरा. हिसका दिला की तुटतो."

"भिजल्यावर बी?"

लग्न होऊन आल्यावर दहा-बारा पावसाळे मामींनी कळपाबरोबर रानात काढले होते. ओल्या दोराची गाठ काय असते, हे त्यांच्या बोटांना माझ्या घड्याळाच्या आधीपासून माहीत होतं. हे मला प्रश्न ऐकल्यावर सुचलं, आणि तरी उत्तर तोंडात तयार होतं.

"भिजल्यावर तर जास्तच लवकर," मी म्हणाले.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

"बरं," मामी म्हणाल्या, आणि कप माझ्याकडे सरकवला.

आम्ही दोघींनी चहा घेतला.