सुदाम लिंक पाठवत नसे

सुदाम गेल्याची बातमी मला फॉरवर्ड होऊन आली. मी तेव्हा मुलीकडे नाशिकला होतो. सकाळी मोबाईल उघडला तर गावातल्या सगळ्या ग्रुपांवर एकच फोटो, भोवती झेंडूची चौकट, खाली जोडलेले हात, आणि वर बारीक अक्षरांत ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’. वाईट वाटायच्या आधी मला हसू आलं, हे सांगून टाकतो. ज्या माणसानं आम्हाला कधी काही फॉरवर्ड केलं नाही, त्याचं मरण मात्र गावभर फॉरवर्ड होत होतं. त्याला हे दाखवलं असतं तर म्हणाला असता, ‘‘बघ नाझर, मेल्यावर तरी व्हायरल झालो का न्हाई?’’ मी कोर्टात कारकून होतो, नाझर कधीच झालो नाही. पण सुदामनं ती बढती मला परस्पर देऊन टाकली होती.

कोपरगावात आता फार कमी लोकांना आठवत असेल, पण एके काळी आमच्या भागातल्या प्रत्येक घरात सुदामची वायर गेलेली होती. तो केबलवाला. शिंप्याच्या दुकानावर त्याची खोली, गच्चीवर मोठी छत्री, आणि खांद्यावर वायरचं भेंडोळं घेऊन हा गच्च्यागच्च्यांवरून फिरत असायचा. पुढं घरोघरी स्वतंत्र डिश आल्या, मग मोबाईल आले, आणि त्याचा धंदा ज्या वेगानं वाढला होता त्याच्या दुप्पट वेगानं बसला. त्यानं वायर भंगारात घातली, कुणालाही दोष दिला नाही, पण खोली मात्र सोडली नाही. तिथं एक खाट टाकली आणि मोबाईल घेऊन बसला. बाकीचे म्हातारे देवळाच्या पायरीवर जातात तसा हा इंटरनेटवर जायचा, आणि येताना काहीतरी घेऊन यायचा. एकदा त्याला अशी साइट सापडली की तिच्यावर पृथ्वीचा गोळा फिरवायचा, ठिपक्यावर बोट ठेवायचं, की तिथलं रेडिओ स्टेशन त्याच क्षणी सुरू. एकदा बंद पडलेल्या यंत्रांचे आवाज जपून ठेवणारं संग्रहालय सापडलं. कुठल्या तरी थंड देशातलं कांदे निवडायचं यंत्र त्यानं भाजीवाल्या आक्काला दाखवलं होतं. तिनं शेवटपर्यंत नीट पाहिलं आणि विचारलं, ‘‘येवढं मशीन हाय, मंग तिकडं तरी कांद्याला भाव भेटतो का?’’ हे सुदाम पुढं कित्येक दिवस सांगत होता.

पण हे सगळं बघायचं तर खोलीवर जावं लागे. ‘‘लिंक टाक’’ म्हटलं की उत्तर ठरलेलं... ‘‘लिंकबिंक न्हाई. ये, दाखवतो.’’ जिना चढून जायचं, तो खाटेवर सरकून जागा करणार, शेजारी बसायचं, मग मोबाईल उघडणार. मला हा शुद्ध आडमुठेपणा वाटायचा. मी स्वतः रोज सकाळी फुलांचे सुप्रभात पाठवणारा माणूस. सुदामकडून त्यांना कधी उत्तर आलं नाही.

त्या यंत्रांच्या संग्रहालयात त्यानं मला टाइपरायटर ऐकवला. नोकरीभर मी ज्या आवाजात बसलो तो आवाज, ओळ संपल्यावरच्या त्या घंटीसकट. माझी बोटं गुडघ्यावर आपोआप हलायला लागली. वर पाहिलं तर सुदाम मोबाईलकडे बघतच नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता. मी जरा ओशाळलो. तेव्हा तो म्हणाला, ‘‘केबल जोडली ना, की मी लगेच निघत नव्हतो. पाणी मागायचो. का? तर टीव्हीत चित्र आलं की घरातल्यांची तोंडं बघायची असायची. म्हातारी असली तर लईच मजा. आता तुला लिंक टाकली तर तू तुझ्या घरी बघनार. तुझं तोंड मला कुठं दिसनार?’’ त्या दिवसानंतर मी आडमुठेपणा हा शब्द वापरला नाही. जिना मात्र कुरकुरतच चढत राहिलो.

हा नियम त्यानं पोरालाही लावला होता, आणि तिथं तो अंगाशी आला. प्रशांत, त्याचा एकुलता एक, पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत. पोरगा चांगला, पैशाअडक्याला, दवाखान्याला कधी कमी पडला नाही. फक्त यायचा नाही. रविवारी फोन यायचा आणि दोघंही एकमेकांना जेवलात का विचारून गप्प बसायचे. ‘‘तुला एक गंमत दाखवायचीय,’’ असं सुदाम म्हणाला की तिकडून ‘‘पप्पा, लिंक टाका ना, बघतो.’’ आणि हा म्हणायचा, ‘‘आल्यावर दाखवतो.’’ आल्यावर म्हणजे कधी, ते दोघंही बोलत नसत. मी एकदा वैतागून म्हटलं, अरे, टाकून दे की, पोरगं तेवढंच खूश होईल. त्यावर सुदाम म्हणाला, ‘‘टाकली की त्यो अंगठा टाकनार. झालं, संपलं. मंग त्यानं यावं कशाला?’’ एरवी थट्टेवारी बोलणारा माणूस. हे बोलताना मात्र त्यानं मान वर केली नाही. पोरानं एकदा येऊन शेजारी बसावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते तोंडानं मागायची त्याची तयारी नव्हती. पोराची आठवण येते असं सरळ सांगण्याची आपल्याकडच्या बापांना सवय नसते. सुदाम तरी त्याला कसा अपवाद असणार?

गेल्या हिवाळ्यात त्याचं हृदय कुरकुरायला लागलं. जिना बंद झाला, खोली बंद झाली, खाट घरी आली. मी नाशिकला निघताना भेटायला गेलो तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता. ‘‘प्रशांतला कळवलं का?’’ असं मी विचारलं. ‘‘त्याची कामं असत्यात,’’ म्हणाला. तीच आमची शेवटची भेट.

पुढचं मला दहाव्याला कळलं. गोदावरीवरून परतल्यावर घरात पाहुण्यांची ये-जा चालू होती. ती ओसरल्यावर सुदामची बायको मंदावहिनी, प्रशांत आणि मी असे तिघंच उरलो. प्रशांत सांगायला लागला, ‘‘काका, मी ऑफिसला निघत होतो. मोबाईल वाजला. बघतो तर पप्पांची लिंक. नुसती लिंक, पुढंमागं एक अक्षर नाही. मला धडकीच भरली. पप्पा आणि लिंक? फोन करायचंही सुचलं नाही, सरळ गाडी काढली. उसाच्या ट्रॅक्टरांमागून रखडत रखडत दुपारी पोचलो.’’

‘‘मंग काय,’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘ह्यांच्या अंगात कुठनं बळ आलं, देव जाने. दोघं खाटेवर बसून त्यो रेडिओचा गोळा फिरवत हुते. जेवायला हाका मारल्या तरी उठंनात. अन् भाऊजी, ह्यांचं मोबाईलकडं ध्यानच नव्हतं. निसतं पोराच्या तोंडाकडं बघत हुते.’’

कोर्टात उभा जन्म लोकांची रडणी ऐकली, कधी पेन थांबलं नव्हतं... त्या दुपारी मी उगीच खिडकीबाहेर बघत बसलो. आपल्या मित्राला जे हवं होतं ते मिळालं, ते मिळवूनच तो गेला, हे कळल्याचं समाधान इतकं जड असेल असं वाटलं नव्हतं.

थोड्या वेळानं मी विचारलं, ‘‘पण लिंक कशाची होती?’’

प्रशांतनं खिशातून मोबाईल काढला. त्यानं ती उघडलीच नव्हती. आधी घाईत, मग बाप समोर होता म्हणून, आणि नंतर धीर होईना म्हणून. ‘‘उघड,’’ वहिनी म्हणाल्या. आम्ही दोघं त्याच्या दोन्ही बाजूंना सरकलो. त्यानं बोट ठेवलं. पांढरा पडदा आला आणि त्यावर एकच ओळ... हे पान सापडत नाही. प्रशांतनं ती लिंक खालीवर करून पाहिली. कॉपी करताना सुदामच्या हातून तिचं शेपूट राहून गेलं होतं. सुदामनं जन्मात एकच लिंक पाठवली, ती अर्धी. त्याला काय दाखवायचं होतं, ते आता कुणालाच कळणार नाही.

वहिनींना हसू फुटलं, त्यांच्या मागोमाग मलाही. प्रशांत मात्र त्या कोऱ्या पडद्याकडे बघत होता.

‘‘काका,’’ तो म्हणाला, ‘‘त्या दिवशी उघडली असती ना, तर ‘चालत नाही, परत टाका’ असं लिहून मी ऑफिसला गेलो असतो.’’