सिप्रियनचे कान

रेडी गावात कोणाला कानच नाहीत, असं सिप्रियनचं ठाम मत होतं. दुबईला क्रेन चालवून निवृत्त झाला आणि येताना एक हेडफोन घेऊन आला. साधासुधा नव्हे. त्यात कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा, आणि तो हलवायला शेकडो व्होल्ट लागायचे. मोबाइलला जोडून भागत नसे. म्हणून त्याचा वेगळा अँप्लिफायर, आणि गावची वीज कधी चढते कधी पडते म्हणून अँप्लिफायरला स्टॅबिलायझर. पडद्याला धूळ आणि खारी हवा सोसत नाही, म्हणून खिडक्या बंद.

त्याची बायको क्लेमेंटिना त्या कोंडलेल्या घरात घामाने निथळत भाकऱ्या थापायची. खुर्चीत डोळे मिटून बसलेलं ते ध्यान बघितलं की तिला वाटायचं, उभा जन्म परदेशात काढून ह्याने आणलं काय, तर कानाला लावायच्या दोन थाळ्या!

लेक रिशेल दोन दिवसांनी गोव्याहून यायची होती. तिच्यासाठी क्लेमेंटिनाने आधीच सुरमई आणून फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी दार उघडलं तर घाण वास.

"फ्रीज कोणी बंद केलो?"

"मी. तेची मोटर सुरू झाली की माज्या कानात टक् करून वाजता."

"आणि मासो?"

"तुका त्यातला काय कळाचा नाय."

तिने ते तुकडे परसात मांजरांना घातले आणि दिवसभर नवऱ्याला पेज-लोणच्यावर ठेवलं. संध्याकाळी तो नरमला. स्वतःच्या हाताने हेडफोन तिच्या डोक्यावर चढवत म्हणाला, "एकदा आयक तरी गो."

त्याने गावच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, ईस्टरला झालेल्या मिस्साच्या प्रार्थनेचं रेकॉर्डिंग लावलं होतं. दुबईहून सुट्टीला यायचा तेव्हापासून तो कॉयरमध्ये सगळ्यांच्या पुढे उभा राहून गायचा. क्लेमेंटिनाला बाकाची करकर ऐकू आली, कोणाचा तरी खोकला ऐकू आला, आणि एकेक गळा सुटा सुटा ऐकू आला. त्या सगळ्यांत एक आवाज, सगळ्यांत मोठा, पहिल्यापासून शेवटपर्यंत सुराच्या खाली घसरत चाललेला.

"ह्यो मोठो आवाज तुझोच मां?"

"मगे!" तो खुलला.

"बेसूर आसा रे. इतकी वर्सां माका कळलाच नाय."

सिप्रियनने हेडफोन हिसकावला, स्वतःच्या कानाला लावला. एकदा ऐकलं. परत ऐकलं. तिसऱ्यांदा लावायला हात पुढे केला, पण बटण दाबलं नाही.

"गावाक कान नायत मां?" असं म्हणून ती चुलीकडे वळली. आता तरी नवऱ्याची दया येईल म्हणून तिने क्षणभर वाट बघितली. आली नाही.

रविवारी तो कॉयरमध्ये गेलाच नाही, मागच्या बाकावर ओठ मिटून बसला. त्याच्यावाचून कोणाचं काही अडलं नाही. गाणं नेहमीसारखंच झालं, आणि क्लेमेंटिना मुद्दाम जरा मोठ्याने गायली.