सूपभर धानासाठी नव्या रिंगा

करडीच्या गिरणीवाल्या मायनं उभ्या आयुष्यात दोन घरांचं धान एकमेकांत मिसळू दिलं नाही. पोतं असो की सूपभर, एकाचं भरडून झालं की ती पट्टा रिकाम्या चाकावर सरकवायची, धान भरडायच्या हालरच्या तोंडात शिंदीचा फडा घालून अडकलेले दाणे झाडून काढायची आणि मगच दुसऱ्याचं धान ओतायची. तोवर इंजिन नुसतंच धडधडत राही. मी वरठीचा डिझेल मिस्त्री. मला त्या इंजिनाची दया यायची आणि मायचा रागही यायचा. इंजिन असं तासन् तास रिकामं फिरवलं की आत काजळी धरते आणि पिस्टनच्या रिंगा जाम होतात, हे मी तिला कितीदा तरी सांगितलं असेल. ती ऐकून घ्यायची आणि फडा उचलायची.

ही गोष्ट गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच्या नंतरच्या दोन-तीन वर्षांतली. दिवसदिवस वीज नसायची. रस्त्यावर मोठी गिरणी झाली होती, पण तिथं पोत्यापेक्षा कमी धान कोणी घेत नसे. मायकडे येणाऱ्या बहुतेक बाया मासोळीवाल्या. तलावावरच्या मासोळ्या टोपलीत घेऊन गावोगाव फिरायच्या आणि मोबदल्यात धान घ्यायच्या. एका घरचं जाडं, दुसऱ्या घरचं बारीक, कुठं ओंजळभर, कुठं पायलीभर. ते सुपात घेऊन त्या मायच्या दारात बसत. नवरा गेल्यापासून गिरणी माय एकटीच चालवत होती. डोक्याला फडकं बांधलेलं, भुवयांवर कोंडा, आणि दर चार वाक्यांमागे खोकला.

एकदा मी इंजिनाचं तेल बदलायला गेलो होतो. एका बड्या शेतकऱ्याची बैलगाडी दारात उभी, गाडीवर पोती. आत एक म्हातारी मासोळीवाली चिमूटभर चिन्नोर घेऊन बसलेली. बाळंत झालेल्या लेकीसाठी तिनं ते सुवासिक धान घरोघरून जमवलं होतं. गाडीवाला ओरडला, "माय, माझे पोते होऊ दे अगुदर. तिचं तं मुठभरच आहे!" माय शांतपणे म्हणाली, "मुठभर आहे म्हनूनच तं अगुदर. तुह्या पोत्यात तिचा वास गेला तं तुले समजन बी नाई, तिचं मात्र सारंच जाईन." गाडीवाला तोंड पाडून बिडी ओढत बसला. मला हसू आलं, पण मायपुढं हसायची सोय नव्हती.

मग एका थंडीत इंजिन बसलं. मी मोटरसायकलवर सामान बांधून गेलो. हॅन्डल फिरवलं की इंजिन गार ठेवणाऱ्या हौदातल्या पाण्यात बुडबुडे येत होते आणि इंजिनातलं तेल ताकासारखं पांढरं झालं होतं. म्हणजे हेड गॅस्केट, इंजिनाच्या वरच्या झाकणाखालची पट्टी, गेलेलं. हेड उतरवलं तर गॅस्केट एका बाजूनं जळून तुटलं होतं. ते काम सोपं. पण पिस्टनच्या माथ्यावर कडेकडेनं तेलाची ओल दिसली. तेल खालून वर चढत होतं, रिंगा थकल्या होत्या. पिस्टन ज्यात सरकतो त्या लायनरच्या वरच्या कडेवर नख फिरवून पाहिलं, लायनर मात्र शाबूत होता.

इथंच प्रत्येक मिस्त्रीची परीक्षा असते. हेड उघडलंच आहे तर रिंगाही टाकाव्यात, की जे चालतंय त्याला हात लावू नये? रिंगा टाकायच्या तर खालून कनेक्टिंग रॉड सोडायचा, पिस्टन वर काढायचा, काम दुपटीचं. मी गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारायचो, इंजिन अजून किती दिवस ठेवणार? उत्तर त्यातच असतं.

मायचा मुलगा दिलीप तिथंच उभा होता. वरठीच्या कारखान्यात कामाला, तिथंच खोली करून राहिलेला. मला माहीत होतं, बपेऱ्याचा एक माणूस इंजिन विकत न्यायला तयार होता. मी विचारायच्या आधीच दिलीप म्हणाला, "मिस्त्रीकाका, फकत गॅस्केट टाका. चालू झालं म्हंजे झालं. मायले मी वरठीले घेऊन जाऊन राहिलो. हा कोंडा तिच्या छातीत भरून राहिला, तुमी पाहून राहिले ना?" पोराचं काही चुकत नव्हतं. त्याच्या आवाजात काळजीच होती.

माय उंबऱ्यावर बसली होती. म्हणाली, "मिस्त्री, रिंगा कशा आहेत?"

मी म्हणालो, "थकल्या आहेत माय, पन मेल्या नाईत. गॅस्केटवर दोन सालं निघून जातीन. तुमच्या उमरीले तेवढं पुरे झालं."

"मी इंजिनाचं इचारलं. माही उमर कोनं इचारली तुले?"

दिलीप चिडला. "माय, इकाच्या इंजिनात नव्या रिंगा कायले?"

"इकलं तं ह्या बाया सूप घेऊन कोठी जातीन?"

"मोठ्या गिरणीत जातीन."

"तेथी सूप घेते का कोनी?" मायला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत आम्ही दोघं इंजिनाकडे बघत राहिलो. मग ती मला म्हणाली, "रिंगा टाक मिस्त्री. नव्या टाक."

दिलीप मोटरसायकलला किक मारून निघून गेला. हिशेबानं माझं आणि त्याचंच बरोबर होतं, हे मी आजही म्हणेन. पण मालकीण ती. मी पिस्टन बाहेर काढला, काजळीत रुतलेल्या रिंगा सोडवल्या, खाचा डिझेलनं धुतल्या आणि नव्या रिंगा पुड्यातून काढल्या. तिनं त्यातली एक तळहातावर घेतली आणि बराच वेळ पाहत राहिली. "एवढीशीच? हिच्या भरवशावर एवढं मोठं चाक फिरते?" मी म्हणालो, हो. तिनं ती हळूच माझ्या हातात परत दिली.

इंजिन जोडून झाल्यावर मी बजावलं, "नव्या रिंगा बसाले वेळ लागते माय. रिकामं फिरवाचं नाई, अन् पोत्याचा भारही द्याचा नाई. थोडं थोडं, पन सारखं चालवा."

तिचा चेहरा असा उजळला, की तसा मी कधी पाहिला नव्हता. "म्हंजे माह्याच बायांचं काम!" दुसऱ्या दिवसापासून तिनं गावोगाव निरोप धाडले. सकाळी सगळ्याजणी एकदम या. एकीचं सूप संपलं की दुसरीचं तयार. झाडझूड तेवढीच, पण आता तिचा हात भराभर चालायचा. मी पंधरवड्यानं पाहायला गेलो, तर मला धुराड्याजवळ ओढत नेऊन म्हणाली, "पाह्य, धुवा दिसते का?" दिसत नव्हता. ती लहान मुलीसारखी खूश झाली.

उन्हाळ्यात दिलीप तिला वरठीला घेऊन आला. तिनं न येण्याचा हट्ट धरला नाही, तेव्हाच मला धास्ती वाटली. पावसाळा संपता संपता ती गेली. मग दिलीपनं मला सांगितलं, भंडाऱ्याच्या डॉक्टरनं छातीचं दुखणं हाताबाहेर गेल्याचं तिला हेड उघडण्याच्या आधीच सांगितलं होतं. तिनं कोणाला कळू दिलं नव्हतं; दिलीपलाही ते डॉक्टरकडूनच नंतर कळलं. मी तिला उमरीचं बोललो होतो, तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. हे ऐकून मला दुकानात बसवेना. शटर ओढून मी घरी गेलो.

नवं धान निघालं तेव्हा बपेऱ्याचा माणूस गाडी घेऊन करडीला आला. इंजिनाचे पायाचे बोल्ट सोडायला दिलीपनं मला बोलावलं. उचलायचा रस्सा बांधून झाला, तसा तो माणूस म्हणाला, "सोडाच्या अगुदर एक डाव चालू करून दाखवा." दिलीपनं हॅन्डल मारलं. दुसऱ्याच फेऱ्याला इंजिनानं धरलं. धूर नाही, ठोका नाही.

आम्ही ऐकत उभे होतो, तेवढ्यात दारात सावली पडली. एक मासोळीवाली सूप घेऊन उभी. तिच्यामागे दुसरी. मग आणखी दोघी, पदर सावरत, घाईघाईनं. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना, आवाज ऐकून आल्या होत्या. पहिलीनं सूप हालरजवळ ठेवलं आणि मायच्या जागेकडे पाहत म्हणाली, "गिरणी सुरू झाली का जी?"

दिलीप पुढं झाला. त्यानं तिचं सूप हालरमध्ये रिकामं केलं. भरडून झालं तसा पट्टा सरकवला, खिळ्यावरचा फडा काढला आणि हालरचं तोंड झाडायला लागला. अगदी मायसारखं, वाकून, कोपऱ्यातला दाणा न् दाणा. मग दुसरीचं घेतलं. बपेऱ्याचा माणूस विचारत होता, "कितीक वेळ आहे जी?" दिलीप तिसरीचं सूप ओतत होता.

शेवटच्या बाईचे तांदूळ तिच्या पदरात पडले. दिलीपनं इंजिन बंद केलं. त्याच्या भुवया कोंड्यानं पांढऱ्या झाल्या होत्या.

"मिस्त्रीकाका," तो म्हणाला, "रस्सा सोडा. सुट्टीच्या दिवशी मी येत जाईन."

मी गाठ सोडायला बसलो. माझीच बांधलेली गाठ, पण डोळ्यांपुढं काही दिसेना आणि ती लवकर सुटेना.