लक्षुमीमावशीचं अर्धं म्हणणं

माझी बेटाची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. मी दम खायला थांबले की पुढचं वाक्य नातवंडंच म्हणतात. पण त्या गोष्टीत एक जागा अशी आहे की तिथं पोचले की मला तहान लागते, किंवा कुणाला तरी गॅस बंद करायला पाठवावं लागतं — आणि परत येऊन मी थेट पुढच्या प्रसंगावर उडी मारते. ती मधली जागा कुणी ऐकलेली नाही. ह्यांनीसुद्धा नाही. ते बिचारे गेले तेही आपली बायको मोठी धाडसी होती असं समजूनच. तुम्ही ना नात्यातले, ना गावातले. तुम्हाला सांगणं सोपं जावं — जाईल ना?

मी मुळशीकडच्या रिहे खोऱ्यातली, भातकऱ्याची मुलगी. पुण्यात भूगोल शिकले आणि एका कचेरीत नकाशे काढायला लागले. विमानातून घेतलेले फोटो शेजारी शेजारी मांडायचे, वर दोन भिंगांचा चष्मा ठेवायचा, की सपाट कागदातून डोंगर उठून उभा राहायचा. मग त्यावर पारदर्शक कागद घालून शाईनं रेघा. हात फार चांगला होता माझा. आणि मला ते माहीत होतं — तिथंच सगळी गडबड.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. हिंदी महासागरातल्या एका बेटावर समुद्रपक्ष्यांची घरटी वाचवायची होती, त्यासाठी नकाशे करणारं माणूस हवं होतं. पगार नाही, राहणं-जेवण त्यांचं. मी नाव दिलं. आई म्हणाली, "पाखरं बघाया परदेशात? आन हितली काय उडून गेली व्हय?" मी तिच्याकडे असं बघितलं, जणू ती अडाणी आणि मी पृथ्वीची मालकीण.

मुलाखतीत विचारलं, बोटीची सवय आहे का? मी म्हटलं, मुळशीची आहे, धरणाच्या काठी वाढलेय! अहो, धरण आमच्यापासून डोंगरापलीकडे. आणि त्या पाण्यात मी घोट्याच्या वर कधी गेले नव्हते. पण काय ऐटीत सांगितलं! त्या पोरीला आज समोर उभी केली तर तिचा कान पिळावा की गालगुच्चा घ्यावा, मला ठरवता येत नाही.

बेट मात्र सुंदर होतं हो. तिथं मी सुखात होते. बेटावर काही मराठी घरं होती — त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा उसाच्या मळ्यांवर राबायला कोकणातून गेलेले. त्यांतल्या एका विधवा बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात जेवायला नेलं. लक्षुमीमावशी. केवड्याच्या पानांच्या टोपल्या विणून त्यांचं घर चालायचं. त्यांची मराठी जुन्या पेटीत घडी घालून ठेवलेल्या लुगड्यासारखी. मला त्या "आमच्या मुलखाची पोर" म्हणायच्या.

मोठ्या बेटासमोर एक छोटं बेट होतं. नुसती टेकडी, माणूस नाही. कामाची रीत अशी, की फोटोवरून काढलेलं जागेवर चालून तपासायचं आणि मगच नकाशाच्या कोपऱ्यात "तपासले" लिहून सही करायची. तर त्या टेकडीवर जायला मला होडीत बसवलं. किनाऱ्याला धक्का नव्हता; लाट होडी वर उचलेल तेव्हा नेमकी खडकावर उडी मारायची. लाट आली, गेली. दुसरी आली, गेली. मी होडीच्या काठाला घोरपडीसारखी चिकटून बसलेले. नावाडी हसायला लागला तशी मी रुबाबात हात फिरवला — म्हणजे बेटाभोवती फिरव. त्यानं फिरवलं. मी ओकले. परत आले आणि "तपासले" लिहून सही ठोकली.

ही झाली हसण्याची गोष्ट. हीसुद्धा मी घरात सांगितलेली नाही, पण तहान लागते ती जागा ही नव्हे.

फोटोत त्या टेकडीच्या उतारावर काळे डाग होते. पिवळ्या गवतात काळे, ठसठशीत. मी चष्म्यातून पाहिलं आणि मनात म्हटलं, अगं, हे तर राब! भाताची रोपं टाकण्याआधी आमच्याकडे पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजतात, तो राब. उन्हाळ्यात डोंगरावर चढून खाली बघा, आमचं खोरं असंच ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. लहानपणापासून पाहिलेलं, शंका कशाला येईल? मी शाईनं लिहिलं — जाळलेली जमीन.

साहेब, म्हणजे आमचे प्रमुख, संतापले. पक्ष्यांच्या जागेत आग? तिकडे जातं कोण? जाणारं माणूस एकच होतं. सगळ्यात लांब पान त्या टेकडीवरच्या केवड्याचं, म्हणून लक्षुमीमावशी महिन्या-दोन महिन्यांनी नावाड्याला विनवून तिकडे जायच्या.

त्यांना बोलावलं. गावची चार माणसंही आली, मराठी न कळणारी. बेटाची बोली इंग्रजीत सांगायला एक मुकादम होता. पण मावशींनी त्याला हातानं बाजूला केलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "माजा म्हननं ही सांगंल. ही आमच्या मुलखाची."

मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी कशाला आग लावीन गो? मला हिरवी पानं लागतात. जळक्या पानाची टोपली कोन इनील? इचार तुज्या सायबाला."

काय बिनतोड बोलल्या होत्या! ते ऐकलं असतं तर साहेबांनी माझ्याकडेच पाहिलं असतं. विचारलं असतं — तू जागेवर जाऊन पाहिलंस ना? डाग जळल्याचेच होते ना?

आणि मी इंग्रजीत काय सांगितलं? एवढंच — "ती म्हणते, मी केलं नाही."

बस. ही ती जागा. टोपली गाळली, हिरवी पानं गाळली. उरलं ते कुठलाही चोर म्हणतो ते. साहेबांनी मान हलवली. मावशींना त्या टेकडीवर जायची बंदी झाली. गावातली माणसं त्यांच्याकडे बघेनात. आणि मावशी माझ्याकडे बघत राहिल्या, की एवढं लांब सांगितलेलं इंग्रजीत एवढंसंच कसं होतं?

पुढे बंदीची पाटी लावायला आमच्यातला एकजण टेकडीवर गेला आणि नाचतच परत आला. ते काळे डाग राखेचे नव्हतेच. तिथं बिळं करून अंडी घालणारे पक्षी होते. त्यांनी उकरून बाहेर टाकलेली काळी माती होती. आम्ही ज्यांच्यासाठी आलो होतो तेच! साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. माझी चूक हसण्यावारी गेली — वरून तसंच दिसतं म्हणाले. मी जुनी अक्षरं पात्यानं हलकेच खरवडून त्या जागी घरट्यांची खूण काढली. फार सुबक आली.

बंदी तशीच राहिली, कारण आता तिथं घरटी होती. ते बरोबरच होतं. पण मावशींनी काही जाळलं नव्हतं, हे गावात कुणाच्या ध्यानातच आलं नाही. माझ्या आलं होतं. मावशींचं घर चालत जाण्याच्या अंतरावर होतं. मी गेले नाही. बरं, रात्र रात्र तळमळले म्हणावं, तर तेही नाही. मला तिथं छान झोप लागायची, समुद्राच्या आवाजानं.

निघायच्या दिवशी मावशीच धक्क्यावर आल्या. हातात छोटी टोपली, झाकणाची. म्हणाल्या, "त्या दिवशी माज्यासाठी सायबाशी बोललीस. दुसरं कोन बोललं गो?"

मी म्हटलं, "असू द्या, मावशी." आणि दोन्ही हातांनी टोपली घेतली.

मग मुळशीला परतले, लग्न झालं, मुलं झाली. चांगलं गेलं सगळं. आजही चांगलंच चाललंय. मुलानं मागच्या दोन खोल्या पुण्याच्या लोकांना भाड्यानं दिल्यात. त्यांच्या बायका स्वयंपाकघरात डोकावतात आणि टोपली हातात घेऊन विचारतात, आजी, ही कुठली हो? मी म्हणते, बेटावरची, आणि मला तहान लागते.

तिच्यात मी लसूण ठेवते. इतक्या वर्षांत विणीचा एक पदर सुटलेला नाही. हिरवं असताना कापलेलं पान आहे ते. जळकं त्यात एकही नाही.